चेटकीण म्हणवून घेणाऱ्यांच्या गावी

२४ ऑक्टोबर, लंडन

ब्रिटिश म्युझियमच्या समोर म्युझियम स्ट्रीट नावाची छोटी गल्ली आहे. तिथे 'अटलांटिस' हे पुस्तकांचं दुकान १९२२ सालापासून आहे. भाची ब्रिस्टलला नोकरी करते, ती सकाळच्या गाडीने येऊन मला भेटली. दुकानाच्या पायरीवर तिने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "मावशी, तुला नक्की काय बघायचंय?"

कॉलेजात असताना मी एका शिबिरासाठी सातपुड्यात, धडगावच्या पुढे, दहा दिवस राहिले होते. तिथल्या एका पाड्याबाहेर मोहाच्या झाडाखाली एक बाई एकटीच राहायची. शेजारचं मूल तापाने गेलं आणि गावाने तिला डाकीण ठरवलं. नवऱ्याने घराबाहेर काढलं. आम्ही तांदूळ घेऊन गेलो, तर तिने तांदळाकडे पाहिलंच नाही, आमच्या मागून आणखी कोण येतंय ते पाहिलं. ती नजर आजतागायत माझ्या मनातून गेलेली नाही. पुढे जादूटोणाविरोधी कायद्याच्या प्रचारासाठी, नोकरी सांभाळून जमेल तेवढी, मी गावोगाव फिरले. आणि मग एके दिवशी वाचलं की इंग्लंडमध्ये माणसं आपण होऊन स्वतःला 'विच', म्हणजे चेटकीण, म्हणवतात, त्याला धर्म मानतात आणि जनगणनेत तसं लिहूनही देतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० लोकांनी धर्म म्हणून 'विक्का' लिहिलं, म्हणजे हाच विच लोकांचा धर्म, तर ७४,००० जणांनी 'पेगन', म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणाऱ्या सगळ्यांचं मोठं नाव. त्याच जनगणनेत जैन सुमारे २५,००० आणि पारशी ४,००० आहेत. म्हणजे तिथे पारशांच्या तिप्पट लोक विक्का मानणारे.

आमच्याकडे जो शब्द बाईच्या अंगावर दगडासारखा येतो, तो कुणी स्वतःच्या हाताने उचलून कपाळाला का लावावा, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

सुरुवात या गल्लीपासून करणं योग्य होतं. इथून जवळच युनिव्हर्सिटी कॉलेज आहे. तिथे मार्गारेट मरे इजिप्तचा प्राचीन इतिहास शिकवायच्या. त्यांचा जन्म १८६३ चा, कलकत्त्याचा. १९२१ साली त्यांनी मांडलं की युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या बायका म्हणजे एका फार जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्माच्या गुप्त उपासक होत्या. इतिहासकारांनी ते म्हणणं पुढे साफ खोडून काढलं, पण तोवर ते जेराल्ड गार्डनर यांच्या हाती पडलं होतं. हे गृहस्थ तरुणपणी सिलोनला चहाच्या मळ्यावर होते, नंतर मलायात कस्टम्सच्या नोकरीत. तिथल्या क्रिस खंजिरांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. १९३६ साली निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. १९४९ मध्ये त्यांची कादंबरी याच अटलांटिसच्या मालकांनी छापली. उघडपणे 'चेटकीण-धर्म आजही जिवंत आहे' असं सांगणारं त्यांचं पुस्तक मात्र १९५४ चं, आणि त्याला प्रस्तावना मरेबाईंची.

मधली पाच वर्षं महत्त्वाची आहेत. १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ साली रद्द झाला. हा कायदा चेटकिणींना फासावर देणारा नव्हता. जादूची शक्ती असते हेच तो मानत नव्हता, म्हणून शक्तीचा दावा करून लोकांना फसवणाऱ्याला शिक्षा सांगत होता. ते वाचताना मी थबकले. आपल्या २०१३ च्या कायद्यातही दैवी शक्तीचा दावा करून लोकांना लुबाडणारा गुन्हेगार आहे. पण आपल्या कायद्याला त्यापुढे आणखी एक कलम घालावं लागलं, एखाद्या माणसावर करणीचा आळ घेऊन छळणाऱ्यासाठी. इंग्लंडमध्ये १७३५ पर्यंत त्या प्रकारचे खटले जवळजवळ संपले होते. आपल्याकडे ते कलम अजून लागतं.

एकूण, विक्का हा धर्म आमच्या आईच्या वयाचा. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली कागदपत्रं तपासून हे नीट मांडलं: प्राचीन परंपरा अखंड चालत आली, याला पुरावा नाही. विसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये, जुन्या-नव्या धाग्यांनी विणलेला हा धर्म आहे. (हटन यांचा जन्म उटीचा. या गोष्टीत हिंदुस्थान असा अधूनमधून डोकावत राहतो.)

"म्हणजे बनवलेलंच की सगळं," भाची म्हणाली.

मला ते पटलं नाही. नवं म्हणजे खोटं नव्हे. प्रश्न असा की जे बनवलं त्याचं लोक काय करतात.

दुकानातून मी एक कोरी वही घेतली. रात्री तिच्या प्रत्येक पानाचे उभे दोन भाग केले. एकीकडे 'सारखं', दुसरीकडे 'वेगळं'. कारण मला माझी भीती ठाऊक होती. आपण परदेशात देवीची मूर्ती पाहिली, दिवा पाहिला, की लगेच म्हणतो, "अगं, हे तर अगदी आपल्यासारखं!" आणि तिथेच बघणं थांबतं. तेव्हा ठरवलं, 'सारखं'मध्ये एक ओळ लिहिली की 'वेगळं'मध्येही एक लिहायचीच. ती सापडेपर्यंत पान उलटायचं नाही.

२५ ऑक्टोबर, न्यू फॉरेस्ट

भाचीच्या गाडीतून निघालो. गार्डनर १९३८ पासून हायक्लिफला राहत होते. सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं असताना, न्यू फॉरेस्टमधल्या एका मंडळाने आपल्याला दीक्षा दिली असं ते सांगत. अशा मंडळाला 'कव्हन' म्हणतात. हायक्लिफ आज समुद्रकाठचं नीटनेटकं, वयस्कर माणसांचं गाव आहे. पाहण्यासारखं काही नाही. तासाभरात निघालो.

बर्ली गावात मोकाट तट्टं रस्त्यात उभी होती. १९५० च्या दशकात इथे सिबिल लीक नावाची बाई खांद्यावर जॅकडॉ पक्षी घेऊन फिरायची आणि मी विच आहे असं वर्तमानपत्रांना खुशाल सांगायची. ती पुढे अमेरिकेला गेली. आता गावात चेटकिणींच्या नावाची भेटवस्तूंची दुकानं आहेत. झाडूवर बसलेल्या बाहुल्या, काळ्या टोप्या. पोटाला हात लावून हसणाऱ्या दोन लहान मुलींना त्यांचे आजोबा टोपी घालून बघत होते. मी धडगावला नेऊ शकेन असं त्या दुकानात काहीच नव्हतं.

२६ ऑक्टोबर, एक्सेटर ते बॉस्कासल

एक्सेटरला रूजमाँट किल्ल्याच्या जुन्या दरवाजाशी एक पाटी आहे. बिडफर्डच्या टेम्परन्स लॉइड, सुझाना एडवर्ड्स आणि मेरी ट्रेम्बल्स यांच्यावर १६८२ साली इथे खटला चालवला आणि हेविट्रीला नेऊन फासावर दिलं. तिघी म्हाताऱ्या, तिघी गरीब. आजारी शेजारणीच्या खिडकीशी एक मॅगपाय पक्षी फडफडला, अशीही साक्ष टेम्परन्सविरुद्ध झाली. एवढं पुरलं. धडगावला घुबड ओरडलं होतं, असं आम्हाला सांगितलं होतं.

इथे 'सारखं'च्या बाजूला लिहायला हात पुढे झाला आणि मी लिहिलंही. पण 'वेगळं'मध्ये लिहिलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. या तिघी विक्का नव्हत्या. ख्रिस्ती बायका होत्या. त्यांनी विचचा शब्द मागितला नव्हता. आजचे विक्का लोक त्यांना आपल्या पूर्वज मानतात, पण रक्ताचं किंवा परंपरेचं नातं काही नाही. आपण होऊन जोडलेलं नातं आहे.

याच बाबतीत मला प्रवासभर एक गोष्ट खुपली. दुकानांत, पत्रकांत 'नव्वद लाख बायका जाळल्या' असं लिहिलेलं सापडतं. तो आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाने चुकीचा गुणाकार करून काढलेला आहे. युरोपभरात तीनशे वर्षांत मृत्युदंड झालेल्यांची संख्या अभ्यासक साधारण ४०,००० ते ६०,००० मानतात, त्यात पुरुषही होते. आणि इंग्लंडमध्ये चेटकीण म्हणून जाळत नसत, फाशी देत. पन्नास हजार माणसं काय कमी आहेत? दुःख फुगवून सांगितलं की खरं दुःखही लोक संशयाने बघायला लागतात. आम्ही प्रचारात हे वेळोवेळी अनुभवलंय.

संध्याकाळी कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर बॉस्कासलला पोचलो. दोन कड्यांच्या फटीतून समुद्र नागमोडी आत येतो आणि त्याच्या टोकाला गाव. रात्रभर लाटांचा आवाज.

२७ ऑक्टोबर, बॉस्कासलचं संग्रहालय

म्युझियम ऑफ विचक्राफ्ट अँड मॅजिक बंदराजवळ, पांढऱ्या भिंतींच्या बसक्या घरात आहे. सेसिल विल्यमसन यांनी ते आधी आइल ऑफ मॅनवर, १९५१ सालीच, काढलं होतं. तिथली इमारत पुढे गार्डनरनी घेतली आणि विल्यमसन आपला संग्रह घेऊन हिंडत हिंडत १९६० साली इथे स्थिरावले. १६ ऑगस्ट २००४ ला बॉस्कासलला महापूर आला. गाड्या समुद्रात वाहून गेल्या, माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली, पण एकही जीव गेला नाही. संग्रहालयाचा तळमजला चिखलाने भरला होता. लोकांनी एकेक वस्तू धुऊन पुन्हा मांडली.

आम्ही सकाळी आत गेलो ते जेवायची वेळ टळल्यावर बाहेर आलो.

एका कपाटात मातीची पोटफुगी बाटली होती, गळ्यावर दाढीवाल्या माणसाचा चेहरा उठवलेला. अशा बाटलीत गंजलेले खिळे, वाकवलेल्या टाचण्या, केस, कापडाचा हृदयाच्या आकाराचा तुकडा आणि लघवी भरून ती चुलीखाली किंवा उंबऱ्याखाली पुरत. याला 'विच बॉटल' म्हणतात. नावावरून वाटतं, चेटकिणीची बाटली. तसं नाही. ती चेटकिणीविरुद्धची बाटली. घरातल्या दुखण्यामागे कोणीतरी करणी केली आहे असं मानणाऱ्या घाबरलेल्या कुटुंबाने पुरलेली. भाचीला मी ते समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपली उंबऱ्यावरची लिंबू-मिरची." मी तिला लगेच थांबवलं. लिंबू-मिरची नजर घालवते, ती कुणा एकीवर बोट ठेवत नाही. या बाटलीतल्या वाकड्या टाचण्या मात्र कुणातरी ठरावीक बाईला लघवीच्या वेळी टोचाव्यात म्हणून घातलेल्या होत्या. गाव तेच, बाई शेजारचीच. ती बाटली बघताना पुन्हा मला मोहाच्या झाडाची आठवण झाली.

पुढच्या कपाटात तीन गाठी मारलेला दोर. खलाशी जाणत्या बाईकडून वारा विकत घेत. पहिली गाठ सोडली की झुळूक, दुसरी सोडली की जोराचा वारा, तिसरी सोडली की वादळ. याच संग्रहालयात जाणत्या म्हातारीची अख्खी झोपडी उभी केली आहे: छताला टांगलेल्या वनस्पती, टेबलावर पत्ते, बाजूला मांजर. खेड्यातल्या अशा जाणत्यांना लोक 'कनिंग फोक' म्हणत. चोरी शोधून दे, गाय बरी कर, नजर उतर, यासाठी त्यांच्याकडे जात. ते स्वतःला ख्रिस्तीच मानत आणि मंत्रात येशूचं नाव घेत.

विक्काचा भाग वरच्या मजल्यावर. काळ्या मुठीचा दुधारी सुरा, 'अथामे'. चषक. छडी. पाच टोकांचा तारा कोरलेली तबकडी, 'पेंटॅकल'. तारा म्हणजे चार महाभूतं आणि पाचवा आत्मा. हवा, अग्नी, पाणी, पृथ्वी. आपल्या पंचमहाभूतांशी ताडून बघण्याचा मोह इथे कुणालाही होईल. मलाही झाला. पण आपलं पाचवं आकाश आहे, त्यांचं पाचवं आत्मा. आपल्याकडे पाचही मिळून देह होतो आणि शेवटी पाचांतच मिसळतो. त्यांच्याकडे आत्मा चौघांच्या वरच्या टोकावर बसतो. वहीत दोन्ही बाजू भरल्या तेव्हा कुठे पान उलटलं.

हे सगळं आणि सकाळभर पाहिलेली करणी-उताऱ्याची दुनिया यांचा मेळ लागेना. खाली भीती, वर उपासना. शेवटी लक्षात आलं की मेळ लागूच नये. विक्काने जादूच्या जुन्या ग्रंथांतून अवजारं घेतली, जाणत्यांकडून वनस्पती, फासावर गेलेल्यांकडून नाव, आणि गुप्त मंडळांकडून दीक्षेच्या तीन पायऱ्या. नव्या घराला जुन्या वाड्याची दारं-खिडक्या बसवावीत तसं.

२८ ऑक्टोबर, मिन्स्टरचं रान आणि सेंट नेक्टनची दरी

व्हॅलन्सी नदीच्या काठाने चालत मिन्स्टरच्या रानात गेलो. पायवाटेजवळ झाडीत एक लहानसा दगड आहे. जोन व्हिट या नावाचा. चेटकीण म्हणून नाव पडलेली, बॉडमिनच्या तुरुंगात मेलेली बाई, असं संग्रहालय सांगत असे, आणि तिचा सांगाडा कितीतरी वर्षं तिथे प्रेक्षकांसमोर टांगलेला होता. १९९६ साली संग्रहालय नव्या हातांत गेलं. त्यांनी सांगाडा उतरवला आणि १९९८ मध्ये या रानात पुरला. दगडावर शेवटी कोरलंय की आता तिची विटंबना होणार नाही.

दगडावर कुणीतरी एकेक शिंपलं ठेवून गेलं होतं. ओलं शेवाळ. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

दुपारी सेंट नेक्टनच्या धबधब्याला. पाणी खडकाला पडलेल्या गोल भोकातून खाली येतं. काठच्या झाडांना शेकडो चिंध्या बांधलेल्या. जुनी रीत अशी की दुखऱ्या जागेवर फिरवलेली चिंधी बांधायची, ती कुजत जाईल तसं दुखणं जाईल. आता मात्र लोक नायलॉनच्या रिबिनी बांधतात, त्या कुजत नाहीत, उलट फांदीत रुतून बसतात. मी हाताला लागल्या तेवढ्या मोकळ्या, तुटलेल्या रिबिनी गोळा करून पिशवीत भरल्या.

२९ आणि ३० ऑक्टोबर, ग्लास्टनबरी

ग्लास्टनबरीची मुख्य पेठ म्हणजे एक भरलेली जत्रा आहे. कढया, स्फटिक, टॅरोचे पत्ते, शेजारी गणपती, ॐ, चक्रांचे तक्ते. एका दुकानात कालीमातेच्या मूर्तीखाली 'घटस्फोटासाठी उपयुक्त' अशी चिठ्ठी होती. मला ते आवडलं नाही. मूर्ती कुठून आली, कोण तिची पूजा करतं, हे विचारायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. मात्र पुढे भेटलेल्या विक्का लोकांपैकी दोघांनी स्वतःहून हीच तक्रार केली.

गावातलं 'गॉडेस टेम्पल' २००३ पासून अधिकृत उपासनास्थळ म्हणून नोंदलेलं आहे. ते विक्काचं नाही, देवी-उपासकांचं आहे. विक्काला देऊळ नसतं. हे बाहेरच्या माणसाने आधी समजून घ्यायला हवं: पेगन ही मोठी छत्री, त्याखाली ड्रुइड, देवी-उपासक, नॉर्स देवता मानणारे आणि विक्का असे अनेक. विक्कातही गार्डनरवाले, १९६० च्या दशकातल्या अ‍ॅलेक्स सँडर्सचे अनुयायी, आणि कुठल्याही कव्हनमध्ये नसलेले एकटे उपासक. जुन्या शाखांत दीक्षा मागणाऱ्याला साधारणपणे एक वर्ष आणि एक दिवस थांबवतात. दीक्षा बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईला द्यायची. धर्मप्रचार करत नाहीत. कुणी मला 'तुम्हीही या' म्हणालं नाही.

चॅलिस वेलच्या बागेत विहिरीच्या झाकणावर एकमेकांत गुंफलेली दोन वर्तुळं लोखंडात घडवलेली आहेत, १९१९ सालची. पाण्यात लोह आहे, ते जिथून वाहतं ते दगड गंजाने लाल झालेत. ओंजळीने प्यायले. जिभेवर खिळ्याची चव राहिली. रस्त्याच्या पलीकडे व्हाइट स्प्रिंग, तिथल्या पाण्यात चुना. लाल आणि पांढरा झरा शंभर पावलांत. इथे देवी मानायला कुणाला फार शिकवावं लागलं नसेल.

टॉर टेकडी १५८ मीटर. वर चर्चचा उरलेला मनोरा. १५३९ साली शेवटच्या मठाधिपतीला राजाच्या हुकमाने याच टेकडीवर फाशी दिलं. म्हणजे फास फक्त चेटकिणींच्याच वाट्याला आला नाही. वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. खाली सॉमरसेटच्या ओल्या सपाट कुरणांवर धुकं होतं.

३१ ऑक्टोबर, साउइन

इंग्रजीत वाचताना 'सॅमहेन' वाटेल, पण उच्चार साधारण 'साउइन'. विक्काच्या वर्षात आठ सण: दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार. साउइन हा मृतांचा सण. कापणी संपली, गुरं गोठ्यात आली, अंधार वाढायला लागला, आता गेलेल्यांची आठवण काढायची. देव मरतो, देवी म्हातारी होते, आणि हिवाळ्याच्या अयनदिनाला देव पुन्हा जन्मतो. वहीत 'सारखं'खाली मी 'सर्वपित्री अमावास्या' लिहिलं होतंच.

भाचीच्या ओळखीतून ग्लास्टनबरीजवळच्या एका खेड्यात एका बाईंच्या घरी बोलावणं होतं. साठीच्या, निवृत्त परिचारिका. फोनवर त्यांनी अटी आधीच सांगितल्या: फोटो नाही, ध्वनिमुद्रण नाही, कुणाचं नाव लिहायचं नाही. बंद कव्हनमध्ये काही जण विवस्त्र उपासना करतात, ही वेळ पाहुण्यांसाठी खुली होती, सगळे साध्या कपड्यांत. आम्ही दोघी धरून नऊ जण होतो. एक बसचालक, एक शाळेतले शिक्षक, एक तरुण जोडपं.

घरामागच्या बागेत आधी बाईंनी लांब दांड्याच्या झाडूने गवत झाडलं. जमिनीला न टेकवता, हवेतच. "घाण झाडत नाही," त्या म्हणाल्या, "दिवस झाडते." मग एका लाकडी पाटावर दोन वाट्या, मीठ आणि पाणी. त्यांनी अथामेचं टोक पाण्यात बुडवलं, मग मिठाला टेकवलं, मीठ पाण्यात सोडलं. मग तोच सुरा पुढे धरून सूर्याच्या दिशेने गोल फिरल्या, आपण प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने. पूर्वेला धूप, दक्षिणेला मेणबत्ती, पश्चिमेला पाण्याचा वाडगा, उत्तरेला दगड. प्रत्येक दिशेला थांबून त्या दिशेला या म्हणून बोलावणं. आवाज चढवला नाही. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना या म्हणावं तसा.

मला वाटत होतं, इथे मी अस्वस्थ होईन. झाले नाही. एकच विचार मनात घोळत होता: आपल्याकडे पूजा जिथे होते ती जागा आधीपासून पवित्र असते. देव्हारा, देऊळ, नदीचा घाट. इथे दुपारी याच गवतावर कुत्रं खेळत होतं, आणि उद्याही खेळेल. पावित्र्य आठ-दहा माणसांनी मिळून उभारायचं आणि काम झालं की उलट्या दिशेने फिरून सोडून द्यायचं. ही ओळ मी रात्री 'वेगळं'मध्ये सर्वांत वर लिहिली.

मग सफरचंद. अथामेने कापायचं नसतं, त्या सुऱ्याने कुठलीच वस्तू कापत नाहीत. त्यांनी पांढऱ्या मुठीची सुरी घेतली आणि सफरचंद देठापासून उभं न कापता आडवं कापलं. दोन अर्ध्या माझ्यासमोर धरल्या. मधोमध बियांची पाच घरं, पाच टोकांचा स्वच्छ तारा. आयुष्यभर सफरचंद उभं कापलं मी. तो तारा रोज ताटात होता, दिसला नव्हता.

चषकात वाइन, ताटात ओटच्या वड्या. पुरुषाने चषक धरला, बाईने सुऱ्याचं टोक त्यात उतरवलं, देव आणि देवीचं मीलन म्हणून. हे चिन्ह उघड आहे आणि ते लपवत नाहीत. सगळ्यांत नाजूक वादही त्यावरच आहे, असं त्या शिक्षकांनी नंतर सांगितलं. सृष्टी फक्त स्त्री-पुरुष जोडीतूनच चालते, असं मानलं तर समलिंगी उपासकांनी कुठे उभं राहायचं? त्यांच्या कव्हनने आता कुणीही चषक, कुणीही सुरा, असं केलं आहे. जुन्या मंडळांना ते चालत नाही.

मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटवत प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं होतं. बसचालकाने भावाचं घेतलं. तरुण मुलीने आजीचं. भाचीने माझ्या बहिणीचं, म्हणजे तिच्या आईचं, आणि तिचा आवाज फुटला. मी तिचा हात धरला.

माझी पाळी आली. आईचं नाव घेतलं. मग सातपुड्यातल्या त्या बाईंचं घ्यायला गेले. ती आज असेल की नसेल, ठाऊक नाही, पण इतक्या लांब मी तिच्यामुळेच आले होते. तोंड उघडलं आणि नाव येईना. विसरले नव्हते. मी कधी विचारलंच नव्हतं. दहा दिवसांत आम्ही सगळ्यांनी तिला 'त्या डाकीण ठरवलेल्या बाई' असंच म्हटलं होतं, अहवालातही तसंच लिहिलं होतं. मी मेणबत्ती तशीच, नाव न घेता, पुढच्याच्या हातात दिली. कुणी काही विचारलं नाही.

वर्तुळ सोडल्यावर स्वयंपाकघरात सगळे सूप प्यायला बसले. मी बाईंना तो प्रश्न विचारला ज्यासाठी आले होते. विच हाच शब्द का? विक्का म्हणा, पेगन म्हणा, उपासक म्हणा.

त्या बशा पुसत होत्या. म्हणाल्या, "मी तीस वर्षं वॉर्डात काम केलं. 'विच' हे बाईच्या तोंडावर मारायला सर्वांत सोपं नाव. मी ते आधीच घेऊन ठेवलं. आता ते माझ्यावर फेकायला कुणाकडे उरलं नाही." मग थोडं थांबून, "पण तुम्ही सांगितलंत त्या बाईंना असं करता आलं नसतं, हे मला कळतं. माझ्यामागे पेन्शन आहे, घर आहे, पोलीस आहेत."

देवी खरोखर आहे असं मानता का, हे भाचीने विचारलं. त्या म्हणाल्या की इथे बसलेल्या सात जणांची सात उत्तरं येतील. कुणाला ती खरी आहे, कुणाला चंद्राचं नाव, कुणाला मनातली शक्ती. वर्तुळात आल्यावर ते कुणी विचारत नाही. काय करायचं ते ठरलेलं आहे, काय मानायचं ते नाही. आणि नियम एकच, कुणाला इजा न होईल असं हवं ते कर. "तो पाळायला फार अवघड आहे," त्या म्हणाल्या. "इजा कशाने होते, ते आधी शोधावं लागतं."

१ नोव्हेंबर, ब्रिस्टलच्या वाटेवर

सकाळी भाची गाडी चालवत होती, गप्प. मी शहाद्याला जुन्या सहकाऱ्यांना फोन लावला. तिथे दुपार होती. ते शिबिरात आमच्याबरोबर होते आणि अजूनही धडगावकडे जातात. विचारलं, "दादा, मोहाखाली राहायच्या त्या बाईंचं नाव काय हो?" त्यांनाही आठवेना. म्हणाले, पाड्यावर विचारून सांगतो.

एव्हनचा पूल ओलांडताना त्यांचा निरोप आला. एक नाव, आणि खाली एक ओळ: बाई आठ वर्षांपूर्वी वारल्या, पुतण्याच्या घरी, आजाराने. शेवटची वर्षं घरातच होत्या.

मी ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, दोन्ही रकान्यांच्या वर. भाचीने गाडी बाजूला घेतली आणि ते दोनदा मोठ्याने वाचलं, उच्चार नीट यावा म्हणून.